वाणिज्याची पदवी आणि पैशाची पेढी

सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुक्यांत वेळापूर नांवाचें गांव आहे. आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस सोडून पंढरीच्या वाटेस लागली म्हणजे तिचा मुक्काम येथें पडतो. येथील अर्धनारीनटेश्वराचें देवालय प्रसिद्ध आहे, आणि यादव राजा रामचंद्र याच्या काळांतील मराठी शिलालेखहि या गांवीं आहेत. देवालयास दिलेलें दान दगडावर कोरून ठेवावें, अशी त्या काळची रीत होती. कोणीं काय दिलें हें चारचौघांस दिसावें आणि पुढें कोणास तें नाकारतां येऊं नये, हा तिचा हेतु. परंतु ज्या प्रदेशांत दानाची नोंद अशी उघड्यावर राही, त्याच प्रदेशांत कर्जाची नोंद मात्र सावकाराच्या पेटींत राहिली. ती लिहिणारा तो आणि वाचणाराहि तोच. पैशाची ही विद्या पेटींतून बाहेर येऊन विद्यापीठांत कशी पोहोंचली, आणि ती शिकलेल्या तरुणाच्या हातीं समाजानें आपला पैसा कोणत्या अटीवर सोंपविला, हा महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांतील एक मनन करण्यासारखा भाग आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत ही विद्या शिकण्याची जागा म्हणजे पेढी. गांवच्या पंतोजीकडे मुलगा पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी तोंडपाठ करी. व्याजाचा हिशेब कागदावांचून करण्यास एवढी शिदोरी पुरेशी असे. पुढील शिक्षण पेढीच्या गादीवर होई. मुनिमाच्या शेजारीं बसून मोडी अक्षर घोटावें, दिवसभराची जमा व नांवें रोजकीर्दींत लिहावी, त्यांतून प्रत्येक कुळाचें खातें खतावणींत उतरवावें, आणि रोकड मोजून ती वहीशीं जुळली म्हणजेच दिवा मालवावा, असा क्रम असे. पुढें दर्शनी हुंडी व मुदती हुंडी यांतील भेद, गांवोगांवचा हुंडणावळीचा दर, आणि कोणाच्या सहीवर किती विसंबावें, हें त्यास हळूहळू उमगे. हें शिक्षण कच्चें होतें असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. आज वाणिज्याच्या विद्यार्थ्यास जर्नल व लेजर म्हणून जें शिकवितात, तेंच काम रोजकीर्द व खतावणी पिढ्यान् पिढ्या करीत आल्या होत्या. उणीव होती ती एवढीच कीं, ही विद्या वारशानें जाई. सावकारी करणाऱ्या मारवाडी, गुजराथी, लिंगायत वाणी किंवा ब्राह्मण घराण्यांतील मुलास ती न मागतां मिळे. कुणब्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलास ती मागूनहि मिळत नसे.

याचा परिणाम काय होतो, हें १८७५ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथील बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि दंग्याचें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां कर्जरोख्यांवर अधिक होता. रोखे हिसकावून घ्यावयाचे आणि जाळावयाचे, हें त्यांचें मुख्य काम. जो कागद आपल्यास वाचतां येत नाहीं आणि तरी ज्याच्या आधारें आपली जमीन जाते, त्याला दुसरें उत्तर त्यांस सुचलें नाहीं. सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. म्हणजे वेळापूरचा शेतकरीहि त्याच्या छायेखालीं आला. रोख्यावर लिहिलेल्या आंकड्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय होता हें तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. ऋणकोनें मागितल्यास सावकारानें पावती, वर्षाचा हिशेब व खातेपुस्तक द्यावें, असें बंधन आलें. वही दोघांनींहि पाहावी, हें तत्त्व प्रथम कायद्यानें अशा रीतीनें मान्य केलें.

त्याच १८७५ सालीं मुंबईंत शेअर-दलालांनीं एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली. पुढें मुंबईचा शेअरबाजार म्हणून तीच नांवारूपास आली. एका बाजूस सुप्याच्या बाजारांत रोखे जळत होते, आणि दुसऱ्या बाजूस मुंबईंत रोख्यांच्या खरेदीविक्रीचे नियम ठरत होते. मुंबई विद्यापीठ तर १८५७ सालींच स्थापन झालें होतें. तेथें वाङ्मय, कायदा, वैद्यक व स्थापत्य यांचें शिक्षण मिळे. परंतु ज्या व्यापारावर मुंबई शहर उभें होतें, त्याचें शिक्षण देण्याची सोय तेथें नव्हती. म्हणून शिकलेला मराठी तरुण वकील होई, शिक्षक होई, किंवा सरकारी कचेरींत कारकून होई. पेढीवर तो गेलाच तर पत्रें लिहिण्यापुरता. पेढीची किल्ली त्याच्या हातीं येत नसे.

ही स्थिति पालटण्यास आरंभ झाला तो १९१३ सालीं. त्या वर्षीं मुंबईंत सिडनहॅम कॉलेज निघालें. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचें नांव त्यास देण्यांत आलें. आशिया खंडांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय म्हणून तें गणलें जातें. त्याच्या उभारणींत हिशेबशास्त्राचे जाणते के. एस्. अय्यर यांचा मोठा वांटा होता, आणि पुढें पर्सी अँन्स्टी हे प्राचार्य झाले. तेथें हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, पेढीचा व्यवहार व व्यापारी कायदा हे विषय शिकवूं लागले, आणि 'बी. कॉम.' ही अक्षरें महाराष्ट्रांतील घराघरांत ऐकूं येऊं लागलीं. या घटनेचें महत्त्व अभ्यासक्रमांत फार नाहीं. त्यांतील पुष्कळसा भाग कोणत्याहि जाणत्या मुनिमास ठाऊक होता. महत्त्व यांत आहे कीं, या वर्गांत बसण्यास पेढीवाल्याच्या घरीं जन्म घेण्याची अट नव्हती. फी व परीक्षा एवढ्याच दोन अटी होत्या. फीची अट गरिबास जड होती हें खरें, पण ती जन्माची नव्हती.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हें कॉलेज निघालें त्याच वर्षीं देशांतील बँकांवर मोठी आपत्ति आली. लाहोरची पीपल्स बँक बुडाली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं मुंबईची इंडियन स्पेशी बँकहि बंद पडली. तिनें चांदीच्या सट्ट्यांत पैसा अडकविला होता. स्वदेशीच्या उत्साहांत ज्यांनीं आपली पुंजी देशी बँकांत ठेविली, त्या मध्यमवर्गीय कुटुंबांस याचा फटका बसला. कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांस याहून परखड पहिला धडा मिळाला नसता. व्याजाचें गणित येणें निराळें, आणि परक्याचा पैसा सांभाळणें निराळें. त्याच वर्षींचा कंपनी कायदा १९१४ च्या एप्रिलपासून अमलांत आला आणि कंपन्यांचे हिशेब परवाना असलेल्या हिशेबतपासनिसांकडून तपासून घेण्याची व्यवस्था झाली. १९१८ सालीं मुंबई सरकारनें हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. तिच्यासाठीं परीक्षेबरोबरच जाणत्या हिशेबतपासनिसाच्या हाताखालीं उमेदवारी करावी लागे. जुन्या पेढीवरील मुनिमाचा सहवास या नव्या पद्धतींतहि टाकला गेला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या पदविकेनें आणखी एक दार उघडलें. मद्रासच्या आर्. शिवभोगम् या बाई, ज्यांनीं राष्ट्रीय चळवळींत तुरुंगवासहि भोगला होता, १९३३ सालीं ही परीक्षा उत्तीर्ण होऊन देशांतील पहिल्या महिला हिशेबतपासनीस झाल्या.

येथवर विद्येचें दार उघडल्याची हकीकत झाली. परंतु विद्या मिळाली म्हणजे पत मिळतेच असें नाहीं. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या चरित्रांतील एक प्रसंग या बाबतींत फार बोलका आहे. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास करून व नंतर लंडनमध्यें कांहीं काळ शिकून ते १९१७ सालीं परतले. बडोदें संस्थानाची नोकरी अपमानास्पद वागणुकीमुळें सोडून ते मुंबईस आले, आणि शेअर व रोखे यांत पैसा गुंतविणारांस सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनीं सुरू केला. त्या विषयांत त्यांच्याइतकें शिक्षण झालेले लोक शहरांत किती असतील? व्यवसायास आरंभ बरा झाला. पण सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य मानलेल्या जातीचा आहे हें कळतांच गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं आणि कचेरी बंद करावी लागली. सल्ला चुकला असें कोणींहि म्हटलें नाहीं. ज्ञानाचें नाणें खरें असूनहि बाजारानें तें घेतलें नाहीं.

१९१८ च्या नोव्हेंबरांत त्याच सिडनहॅम कॉलेजांत ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आरंभीं विद्यार्थ्यांनीं त्यांच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पण त्यांचा अभ्यास पाहून लौकरच इतर कॉलेजांचे विद्यार्थीहि त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास येऊं लागले. असें असतांहि प्राध्यापकांच्या खोलींतील माठांतून त्यांनीं पाणी घ्यावें, हें कांहीं सहकाऱ्यांस खपलें नाहीं. १९२० च्या मार्चपर्यंत त्यांनीं तेथें शिकविलें, पगारांतून पैसा शिल्लक टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य घेतलें आणि ते पुन्हां लंडनला गेले. १९२३ सालीं त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. रुपयाची खरेदीशक्ति स्थिर राहिली पाहिजे, आणि चलन वाढविण्याची सत्ता राज्यकर्त्यांच्या मर्जीवर मोकळी सोडतां कामा नये, असा त्यांतील प्रतिपादनाचा गाभा आहे. १९२५ सालीं हिल्टन-यंग आयोगापुढें त्यांची साक्ष झाली, आणि त्याच सुमारास ते मुंबईंतील एका हिशेबशास्त्राच्या शिक्षणसंस्थेंत व्यापारी कायदा शिकवीत होते. ज्यांच्या सल्ल्यास बाजारानें नाकारलें, त्यांचें मत देशाच्या चलनाविषयीं सरकारी आयोगास ऐकून घ्यावें लागलें. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें सोलापूर शहरांत विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील ज्या मुलांस शहरांत कोणी थारा देत नसे, त्यांस विद्यालयाची पायरी गांठतां यावी, ही त्यामागील दृष्टि होती.

दरम्यान महाराष्ट्रांत नव्या धर्तीच्या बँका उभ्या राहूं लागल्या होत्या. सांगली बँक १९१६ सालीं निघाली. पुण्यांत फर्ग्युसन कॉलेजमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे व उद्योगपति धोंडुमामा साठे यांनीं पुढाकार घेऊन १९३५ सालीं बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी केली, आणि १९३६ च्या फेब्रुवारींत तिचें काम सुरू झालें. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँकहि १९३६ सालचीच. या बँकांस घराण्याची पिढीजात पत नव्हती. लहान व्यापारी, कारखानदार व पगारदार यांच्या ठेवींवर त्यांस चालावयाचें होतें; म्हणून त्यांस हिशेब जाणणारीं आणि ज्यांचा हिशेब तपासतां येईल अशीं माणसें पाहिजे होतीं. वाणिज्याच्या पदवीधरास येथें खरी जागा मिळाली.

ती जागा प्रथमदर्शनीं मोठी नव्हती. पदवीधर म्हणून मुलाखतीस गेलेला तरुण पहिल्या दिवशीं खातेवहीसमोर बसविला जाई. पुस्तकांत चार ओळींत संपणारा ताळमेळ प्रत्यक्षांत रात्रीं दिवे लागल्यावरहि जमत नसे. एका आण्याचा फरक राहिला तरी कोणी घरीं जात नसे. नंतर रोखपालाची खिडकी, नंतर हुंड्या वटविणें, नंतर तारणाच्या मालाची गुदामें तपासणें, आणि पुष्कळ वर्षांनीं कर्ज द्यावें कीं देऊं नये याचा निर्णय, अशी ती शिडी होती. १९२८ सालीं मुंबईंत बँकव्यवसायाच्या परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली, आणि नोकरींतील तरुण दिवसां खातीं लिहून रात्रीं तिच्या परीक्षांचा अभ्यास करूं लागले. पदवी ही प्रवेशपत्रिका आहे आणि व्यवसाय पुढें शिकावयाचा आहे, ही समजूत अशा रीतीनें रूढ झाली.

अर्थात् याच एका वाटेनें सारे गेले असें नाहीं. रिझर्व्ह बँक १९३५ सालीं सुरू झाली, आणि १९४३ सालीं तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते चिंतामणराव देशमुख. त्यांचें केंब्रिजमधील शिक्षण निसर्गविज्ञानाचें. अर्थव्यवहार ते सरकारी सेवेंत शिकले. त्याच १९४३ सालीं पुण्यांत बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघालें. त्यामुळें वाणिज्याच्या पदवीसाठीं मुंबईचा खर्च सोसण्याची गरज देशावरील विद्यार्थ्यांस उरली नाहीं. त्याचे पहिले प्राचार्य दत्तात्रेय गोपाळ कर्वे हे पुढें १९६२ सालीं रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झाले. अध्यापनाच्या फळ्यापासून देशाच्या मध्यवर्ती पेढीपर्यंतचें अंतर आतां पूर्वीइतकें उरलें नव्हतें.

वेळापूरच्या परिसरांत या विद्येची गरज वेगळ्या कारणानें उत्पन्न झाली. भाटघरचें धरण पुरें झालें, नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यांत पाणी घेऊन आला, आणि कोरडवाहू जमिनींत ऊस उभा राहूं लागला. १९३२ सालीं अकलूजजवळ माळीनगर येथें सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं आपला साखर कारखाना स्थापन केला. ज्वारीचें पीक चार-पांच महिन्यांत हातीं येतें. आडसाली ऊस मात्र दीड वर्ष शेतांत उभा असतो. तेवढा काळ खत, पाणीपट्टी, मजुरी व घरखर्च यांसाठीं पैसा लागतो, आणि तो ऊस गेल्यावर फिटतो. म्हणजे ऊस हें पीक जितकें पाण्यावर तितकेंच पतीवर वाढतें. पुढें १९५० सालीं प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे-पाटील यांच्या प्रयत्नानें सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें, तेव्हां त्याचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. अकलूजकडेहि शंकरराव मोहिते-पाटील यांनीं सहकाराचा मार्ग धरला. प्रत्येक कारखान्यास, सोसायटीस व बँकेस हिशेबनीस लागूं लागले. ज्या कुणब्याच्या आजानें रोख्यावर न वाचतां अंगठा उठविला, त्याच्या नातवास वाणिज्य शिकून तीच वही लिहिण्याची नोकरी मिळूं लागली.

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायास कायद्याची चौकट मिळाली. १९४९ सालीं बँकिंग कंपन्यांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं सनदी हिशेबतपासनिसांची संस्था अस्तित्वांत आली. तरी धोका संपला नव्हता. १९६० सालीं केरळांतील पालै सेंट्रल बँक आणि वऱ्हाडांतील अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. १९१३ सालीं ठेवीदार नशिबास बोल लावून घरीं गेले होते. या वेळीं मात्र १९६२ पासून ठेवींस विम्याचें संरक्षण मिळालें. त्याची मर्यादा आरंभीं फक्त १५०० रुपये होती. २०२० सालीं ती ५ लाख रुपये झाली. १९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. त्यांत बँक ऑफ महाराष्ट्रहि होती. त्यानंतर बँकांच्या शाखा खेड्यांकडे वळल्या, आणि गांवच्या मुलास बँकेंतील नोकर प्रथमच रोजच्या पाहण्यांतला माणूस झाला.

१९६५ सालीं मुंबई विद्यापीठांत जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सुरू झाली, आणि पदवीच्या पुढें आणखी एक पायरी तयार झाली. २००४ सालीं सोलापुरास स्वतंत्र विद्यापीठ मिळालें. त्यास आतां पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव आहे. वेळापूरच्या मुलीस आज वाणिज्य शिकण्यासाठीं जिल्हा सोडावा लागत नाहीं. तिच्यापुढें बँक, विमा, शेअरबाजार व हिशेबतपासणी अशा अनेक वाटा आहेत. मोडी कीर्दीची जागा संगणकानें घेतली आहे. पण दिवस मिटतांना आंकडे जुळले पाहिजेत, हा नियम तोच आहे.

या साऱ्या इतिहासाचा बोध माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यांत पाहावयास मिळतो. तेथें म्हसवड येथें चेतना सिन्हा यांनीं गांवांतील स्त्रियांसाठीं सहकारी बँक काढण्याचें ठरविलें. रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज नामंजूर केला. कारण त्यावर सह्यांच्या जागीं अंगठे होते. बायका निराश झाल्या, परंतु घरीं बसल्या नाहींत. दिवसाचें काम आटोपून त्या लिहावयास वाचावयास शिकल्या, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कोणत्याहि रकमेचें व्याज आम्ही तोंडीं सांगतों, तुम्ही यंत्रावांचून सांगून दाखवा, असें त्यांनीं अधिकाऱ्यांस सुनावलें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

त्या बायकांस गणित येत होतें. नव्हती ती त्या गणितास मान्यता. डॉ. आंबेडकरांस तर विद्या व पदवी दोन्हीहि होतीं, आणि तरी बाजारानें त्यांस पत दिली नाहीं. विद्या शिकवितां येते, पदवी देतां येते. पत मात्र समाजाकडून यावी लागते. ती जन्म पाहून न देतां काम पाहून द्यावी, यासाठीं महाराष्ट्रास शंभराहून अधिक वर्षें शाळा काढाव्या लागल्या, कायदे करावे लागले, आणि बुडालेल्या बँकांचे धडे घ्यावे लागले. वाणिज्याची पदवी घेऊन बँकेच्या दारांत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींनीं हें ध्यानीं ठेवावें. समोर ठेवलेल्या खात्यांत ज्याचें नांव आहे, त्याचा आजा कदाचित् त्याच भागांतील रोख्याखालीं अंगठा उठवून गेला असेल. त्याच्या नातवास खात्यांतील प्रत्येक आंकडा समजेल अशा भाषेंत सांगणें, हें या व्यवसायाचें पहिलें कर्तव्य आहे.